घंटा गेल्याची वर्दी

कालेजचं फाटक, इस्लामपूर नजीक,
दसऱ्यानंतरचा मंगळवार, सन १९६६

तीर्थस्वरूप आबामामा यांच्या पायांवर डोकं ठेवून भाचा कृष्णात याचा रामराम पोचावा. इकडं आई, मी आणि म्हस अशी तिघंबी खुशाल हाय. तुमची तब्येत कशी हाय ते सवडीनं कळवावं. (परवा दसऱ्याला तुमी हितंच हुता, मला सोनं दिलंत, पाठीत गुद्दा घालून वाळलास रं म्हणालात आणि काल सकाळच्या पहिल्या यष्टीनं गेलात, तवा तुमच्या तब्येतीची मला चांगली माहिती हाय. पण पत्रात आधी समोरच्याची तब्येत इचारायची आणि मग आपलं रडगाणं लावायचं अशी रीत हाय, ती मी कशाला मोडू.) मामीस दंडवत. त्यांच्या खोकल्याला अडुळशाचा काढा द्यावा. मामी घेणार न्हाईत, तरी द्यावा.

तर रडगाणं असं की तुमी घरला पोचला नसाल तवर हिकडं कालेजची घंटा चोरीला गेली. घंटा माझ्या ताब्यातली. तुमाला ठावं हाय, दोन सालं झाली मी ह्या फाटकावर टेंपरवारी हाय. दर सा म्हैन्यानं कागुद येतो की कृष्णात वॉचमन यास आणखी सा म्हैने ठेवून घेतलं आहे, आणि दर सा म्हैन्याला आईच्या तोंडचं पाणी पळतं. ह्या खेपेला प्रिन्सिपाल सायबांनी पर्मनंट करतो म्हणून शब्द दिलता. पर्मनंट झालो की फाटकामागची दोन खणांची खोली मला मिळणार आणि आईला गावातल्या त्या गळक्या घरातनं उचलून हितं आणणार. खोलीला वरती कौलं हायती, मामा, मी स्वतः चढून बघितल्याती. आता घंटा सापडली तर खोली, न्हाई सापडली तर फाटकबी गेलं, असा सरळ हिशेब हाय. बाकी कुठलीच गोष्ट सरळ न्हाई, म्हणून तुमाला लिहितोय.

घंटेचं एवढं काय, असं तुमी म्हणाल. ते समजायला जरा मागं जावं लागंल. गेल्या सालच्या लढाईत कालेजात चर खणले, खिडक्यांना काळे कागुद लावले, आणि प्रिन्सिपाल सायबांना तेव्हापासनं संकटाची गोडी लागली. (माणूस सोन्यासारखा हाय, मूळचा सांगलीचा. फक्त कागुद दिसला की त्यावर नियम लिहितो.) वरनं दुश्मनाचं इमान काय आलं न्हाई, पण होस्टेलच्या दोन सायकली गेल्या, प्रयोगशाळेत नाग निघाला, गोठ्यामागं कडब्याची गंजी धुमसली. सायबांनी इचार केला की अशा येळंला कालेजच्या आवारातल्या समद्या माणसांना एका दमात वर्दी मिळाली पायजे. मग त्यांनी फळ्यावर नियम लावला. दोन टोले म्हंजे चोरी, तीन टोले म्हंजे आग, चार टोले म्हंजे साप अगर इतर जनावर, पाच टोले म्हंजे अपघात, आणि मिनिटभर सलग घंटा म्हंजे धोका टळला, आपापल्या जागी जावं. संस्थेच्या चेअरमन सायबांना हे इतकं पसंत पडलं की युनिव्हर्सिटीच्या कमिटीला हे दाखवायचं म्हणून त्यांनी पत्रबी धाडलं.

एकच गोष्ट कुणाच्या ध्यानात आली न्हाई. दुसऱ्या तासाला दोन टोले आणि तिसऱ्या तासाला तीन टोले मी आधीपासनं देतच हुतो. नियम लागला त्याच दिवशी मी दुसऱ्या तासाचे दोन टोले दिले आणि तीनशे पोरं चोर चोर करत बाहेर पडली. अर्थशास्त्राचे मास्तर त्या येळंला गुपचूप घरला निघालते, पोरांनी त्यांना त्यांच्याच सायकलीवरनं खाली ओढलं. पुढं आठ दिवसांनी कडबा खराच पेटला. मी तीन टोले दिले, तर पोरं शिस्तीत वह्या उचलून तिसऱ्या तासाच्या वर्गात जाऊन बसली. कडब्याकडं एकच मास्तर आले, तेबी तिसरा तास धा मिनिटं आधी का सुरू केला म्हणून मला झापायला. मग सायबांनी दुरुस्ती काढली की तासाचे टोले आखूड द्यायचे आणि संकटाचे लांब द्यायचे. मी तीन दिवस खटपट केली, मामा. घंटेला हळू मारा न्हाईतर जोरात मारा, ती आपली वाजायची तेवढीच वाजती. हे मी सायबांना सांगितलं तर ते म्हणाले की नियम टाइप झालेला हाय.

आता मूळ मुद्दा. कमिटी यायच्या आधी एकदा चेअरमन साहेब ह्या वर्दीची तालीम बघणार हुते, काल सोमवारी साडेअकराला. म्हणून शनवारी खंडेनवमीला मी घंटा खाली काढली आणि आमचा माळी धुळा ह्याच्याकडं दिली. म्हटलं, आज हत्यारांची पूजा हाय, घंटा हे माझं हत्यार, तवा चिंच-राखेनं लख्ख घास, हळदकुंकू वाहा आणि नीट ठेव. धुळा मेंढकं माणूस, कामाला वाघ. त्यानं घासली ती मी लांबनं बघितली, उन्हात डोळं दिपत हुतं. सांजच्याला तो सणासाठी त्याच्या वाडीवर गेला. रविवारी सुट्टी, घंटेचं काम न्हाई, तुमी आलता, आपण फाटकावर बोलत बसलो, माझी मान काय वर गेली न्हाई. काल सोमवारी सकाळी अकराला पहिला टोला द्यायला हातात दांडकं घेतलं, वर बघतो तर लिंबाच्या फांदीला नुसताच आकडा.

मी तसाच सायबांच्या खोलीत पळालो आणि चोरी झाली म्हणून सांगितलं. साहेब लगेच उभे राहिले, मला वाटतं त्यांना बरंच वाटलं असावं, आणि म्हणाले की मग हितं काय करताय, नियमाप्रमाणं दोन टोले द्या. मी म्हटलं, साहेब, टोले द्यायचे कशावर. ते म्हणाले घंटेवर. मी म्हटलं घंटाच गेलीया. त्यावर ते खाली बसले आणि त्यांनी फळ्यावरचा नियम मागवला. आमी दोघांनी तो दोनदा वाचला. घंटाच चोरीला गेली तर कशानं वर्दी द्यायची हे त्यात कुठंबी न्हाई. हेडक्लार्क म्हणाले की पोटनियम घालता येईल, पण त्याला सभा बोलवावी लागंल, आणि सभा बोलवायला घंटा लागती. घड्याळात सव्वाअकरा झालते. साहेब मला म्हणाले, कृष्णात, काहीबी करा, पण आवारातल्या समद्यांना कळलं पायजे.

काहीबी करा म्हणाले, म्हणून मी पेटी उघडली आणि बिगुल काढला. (तोच, पलटणीनं मला निरोपाला दिल्याला. दोन सालं झाली, तोंड लावलं नव्हतं. हिरव्या डागाची चव अजून जिभंवर हाय.) ग्राउंडाच्या मधोमध उभा राहिलो आणि अलारम वाजवला. पोरं खिडकीत आली आणि हसाय लागली. मास्तरांना वाटलं कुणाची तरी वरात निघाली. कालेजातल्या एका माणसाला काय बोध झाला म्हणाल तर शपथ. पण मामा, आपल्या गावात घरटी एक माणूस पलटणीत जाऊन आलेला हाय हे मी इसरलोच हुतो. दोन मिनिटांत ओढ्याकडनं धूळ उठली. सुभेदार बाळासो पुढं, पटका अर्धा डोक्याला आणि अर्धा हातात. नाईक भाऊसो न्हाव्यापुढनं उठून आलते, एक गाल गुळगुळीत आणि दुसऱ्यावर साबण. कुणी खुरपं घेऊन, कुणी बैलाचा कासरा घेऊन, एक जण तर नुसत्या लंगोटावर मेडल लावून आला. सत्तावीस पेन्शनर. लंबा दाहिने छोटा बायें करून त्यांनी आपली आपण लाइन केली, गिनती झाली, आणि सुभेदारांनी मला रपट मागितली. मी सलाम ठोकून घंटा गायब म्हणून सांगितलं. खोटं कशाला सांगू, त्या घडीला माझ्या छातीत भरून आलं. दोन सालांत मी वाजवलेलं पहिल्यांदाच कुणालातरी कळलं हुतं.

सुभेदारांनी इचारपूस केलीच न्हाई. त्यांनी घेरा टाकला. फाटकावर दोघं, होस्टेलला चौघं, विहिरीवर दोघं, आणि हुकूम असा की झडती दिल्याबिगर कुत्रंसुदिक बाहेर जाणार न्हाई. अर्थशास्त्राचे मास्तर पुन्यांदा सायकलीवर सापडले. बरोबर साडेअकराला चेअरमन सायबांची जीप आली. फाटकावर भाऊसो साबणासकट उभे, त्यांनी खुरपं आडवं धरून परवलीचा शब्द मागितला. चेअरमन साहेब म्हणाले की मी चेअरमन आहे. भाऊसो म्हणाले की शब्द हा न्हाई. (शब्द कुठला हे भाऊसोलाबी ठावं नव्हतं, मी मागनं इचारलं.) जीपची झडती झाली. दोन डझन केळी आणि बायकोचं औषध निघालं, ते लिहून घेतलं. मी लांबनं हे बघत हुतो आणि मनात म्हणत हुतो, कृष्णात, गेली खोली.

तर चेअरमन साहेब हसत आत आले. हातातलं घड्याळ दाखवून म्हणाले की वा, बिगुल ऐकल्यापासनं अख्खं कालेज नऊ मिनिटांत सील, अशी तालीम मी जिल्ह्यात बघितली न्हाई. त्यांना वाटलं ही तालीमच चाललीया. प्रिन्सिपाल सायबांचा चेहरा पिठासारखा झालता, त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं बघितलं, आणि ते म्हणाले की व्हय, आजच्या तालमीत घंटाच चोरीला गेली असं धरलंय. चेअरमन सायबांनी सायबांची पाठ थोपटली. म्हणाले, येत्या सोमवारी कमिटीपुढं हेच दाखवा, फक्त शेवट गोड करा. चोर धरला, घंटा मिळाली, मिनिटभर वाजली, धोका टळला. आणि ह्या वॉचमनची पर्मनंटची ऑर्डर मी तिथंच, घंटेखाली उभा राहून देणार. ते गेल्यावर प्रिन्सिपाल सायबांनी मला खोलीत घेतलं, दार लावलं आणि सांगितलं की सोमवारी घंटा आली न्हाई तर मंगळवारी तुमीबी येऊ नका.

तवापासनं माझं डोकं चालंना, मामा. पोलिसात जायची बंदी, कारण मग चेअरमन सायबांना कळंल. धुळा वाडीवरनं अजून आला न्हाई. आवारात कुणाला इचारावं की बाबा घंटा बघितली का, तर तो डोळा मिचकावतो आणि लय झकास सोंग वठवताय म्हणतो. मास्तर म्हणतात चोरी न्हाईच, धरलेली हाय. सुभेदार म्हणतात चोरी हायच, आणि त्यांचा घेरा अजून उठला न्हाई, कारण मिनिटभर घंटा वाजल्याबिगर धोका टळला असं ते मानायला तयार न्हाईत. दोन माणसं ह्या घडीलाबी विहिरीवर उभी हायती, त्यांच्या घरनं भाकरी येती. काल रातच्याला तर मलाच वाटाय लागलं की घंटा कवा हुती का नव्हती.

म्हणून तुमाला इनंती की तुमच्या गावच्या आपल्या भैरोबाला कौल लावावा आणि घंटा कुणाकडं हाय ते देवालाच इचारावं. देवाला समदं दिसतंय. आणि ज्या कुणी ती उचलली, ज्यानं ती वाहून नेली, त्या दोघांच्याबी हाताला लकवा भरू दे असं माझ्या नावानं देवाला सांगावं. नारळाचे पैसे मी भेटीत देतो. धाकट्यांना आशीर्वाद, थोरांना दंडवत, गुरवाला रामराम, आणि ह्या पत्राबद्दल आईला काय कळवू नये, ती आधीच जेवत न्हाई.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
कृष्णात (अजून तरी वॉचमन)

ता. क. (बुधवार सकाळ) पाकीट चिकटवलं न्हाई हे बरं झालं. धुळा वाडीवरनं आला. त्याला घंटेचं इचारलं. म्हणाला, तुमीच म्हणाला की सुट्टीत घंटा उघड्यावर ठिवू नगंस, सायकलीगत जाईल, म्हणून मी तुमच्या घरला उंबऱ्यावर ठिवून गेलो, म्हातारी ओढ्याला गेलती. आता आठवतंय, मी म्हणालो हुतो. मी तसाच घरला पळालो. आई चुलीपुढं बसलेली, तोंडावर हसू. तिनं सांगितलं ते असं. श्रावणात तिनं भैरोबाला नवस बोलला की माझा कृष्णात कायम होऊ दे, तुला घंटा बांधीन. घंटा आणायला जवळ काय न्हाई म्हणून ती रोज दिवा लावून देवाची माफी मागत हुती. खंडेनवमीला ओढ्यावरनं आली तर उंबऱ्यावर लखलखीत घंटा, हळदकुंकू वाहिलेली, झेंडू लावलेला. तिला वाटलं देवानंच आपली घंटा आपण धाडली. (आईनं कालेजची घंटा रोज ऐकलीया, बघितली कवाच न्हाई.) नवस ज्याच्यासाठी त्याला सांगायचा नसतो, म्हणून मला न सांगता ती तिनं तुमच्या पिशवीत भाकरीच्या गठुळ्याखाली घातली, आणि तुमीबी फाटकावर माझ्याशी दोन तास गप्पा मारून एक शब्द काढला न्हाई. तुमचा स्वभाव बघता ती सोमवारी सांजच्यालाच देवळात टांगली असणार. तवा कौल लावला नसंल तर लावू नये. लावला असंल तर लकव्याचं तेवढं मागं घ्यावं, कारण एका हाताला आई येती आणि दुसऱ्याला तुमी.

ता. क. दुसरा. आईला म्हटलं, देवाकडनं घंटा परत मागवूया. ती म्हणाली, देवाची वस्तू काढलीस तर तू कायम होणार न्हाईस. मी म्हटलं, न्हाई काढली तर मी कायम होणार न्हाई. दोघांचंबी खरं, म्हणून दोघंबी उपाशी बसलो. शेवटी तिनंच तोड काढली. म्हणाली, देव वर्साला एकदा पालखीत बसून गावाबाहेर जाऊन येतो, तशी घंटाबी एक दिस जाऊन येईल, पण सांजला परत देवळात पायजे. तवा तुमी येत्या सोमवारी पहिल्या यष्टीनं घंटा घेऊन यावं. आणि आता खरी इनंती लिहितो. कमिटीला चोर लागतो, मामा. गावातला चालणार न्हाई, समदे वळखीचे. तुमी होस्टेलच्या मागं घंटा घेऊन बसायचं आणि सापडायचं. मी लहान असताना पेरू चोरला म्हणून तुमी मला चावडीपुढं उभा केला हुता. त्याच माणसाला मी चोर हो म्हणतोय ह्याची मला लय लाज वाटती, पण आईला ती खोली मिळाली पायजे आणि मला दुसरं माणूस न्हाई. सुभेदारांना सांगून ठेवलंय, मारणार न्हाईत, नुसती गचांडी धरतील. सांजच्याला आईच्या हातची पुरणपोळी खाऊन, घंटा घेऊन परत जावं. मंगळवारी घंटा पुन्यांदा गेली म्हणून मी वर्दी देईन. हेडक्लार्क म्हणतात, पर्मनंट माणसाच्या ताब्यातली वस्तू गेली तर नुसती चौकशी होते, आणि चौकशीला सात-आठ सालं लागतात.

ता. क. तिसरा, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. तुमची सतरा सालं पलटणीत गेली, म्हणून मुद्दाम लिहितो. सोमवारी मी बिगुल वाजवला की तुमी पळायचं. सवयीनं लाइनीत येऊन उभं राहायचं न्हाई.